वंशावळीत नसलेली ओळ

मागच्या महिन्यात आप्पांच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही सगळे पंचवटीत जमलो होतो. विधी आटोपल्यावर उपाध्यायांनी विचारलं, "नामावळ बघायची का?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. गोदेवर तीर्थविधीला आलेल्या माणसाने आपलं नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, भाऊ, मुलं असं सगळं त्यात लिहून खाली सही करायची. आमच्या पणजोबांची सही मोडीत आहे. ती पाहताना दरवेळी अंगावर काटा येतो.

यावेळी मात्र एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. वहीत कोण कोणाचा मुलगा, कोण कधी आला, हे सगळं आहे. पण कोण कशाने गेलं हे एका ओळीतही नाही. आप्पा हार्ट अटॅकने गेले. त्यांचे वडीलही "बसल्या बसल्या गेले" असं आजी सांगायची. ते काय होतं हे सांगायला आता कोणी उरलेलं नाही, आणि वहीही सांगत नाही.

घरी परत येताना गाडीत माझ्या मनात दुसराच एक कागद घोळत होता. तो होता आमच्या ब्रूनोचा. आता तुम्ही म्हणाल, बापाच्या श्राद्धाच्या दिवशी याला कुत्रा आठवला! पण आठवला खरा. त्याचं कारण पुढे येईलच.

ब्रूनो म्हणजे आमचा डॉबरमन. 2009 च्या दिवाळीत आणला. त्याच्याबरोबर वंशावळीचा कागद मिळाला होता. बाप, आजा, पणजा, कोणाच्या नावामागे चॅम्पियन लिहिलेलं... आप्पांनी तो लॅमिनेट करून घेतला होता. 2012 मध्ये ओळखीतल्या एकांच्या मादीशी त्याचं क्रॉसिंग झालं आणि सात पिल्लं झाली. बदल्यात आम्हाला दोन मिळाली. एक संगमनेरला मावशीकडे गेलं (टायगर), दुसरी पुण्याला चुलतभावाकडे (रोझी). फेब्रुवारी 2016 मध्ये एका सकाळी ब्रूनो गोल्फ क्लबच्या मैदानावरून फिरून आला, जिना चढू लागला आणि चौथ्या पायरीवर कोसळला. आप्पा त्याच्या मागेच होते. ते खाली वाकेपर्यंत सगळं संपलं होतं. वय सव्वासहा वर्षं. आदल्या दिवशी त्याने गेटवरून उडी मारली होती!

तेव्हा आम्ही ठरवून टाकलं की कोणीतरी विष घातलं असणार. शेजारच्या एकांवर माझा संशयही होता. (आज त्याची लाज वाटते.)

डॉबरमनांना हृदयाचा एक आजार आनुवंशिक असतो हे मला फार उशिरा कळलं. डायलेटेड कार्डिओमायोपथी असं त्याचं लांबलचक नाव. हृदयाचा स्नायू दुबळा होत जातो, कप्पे फुगतात, ठोके अवेळी पडायला लागतात. बाहेरून काहीही दिसत नाही. कुत्रा खातो, पळतो, भुंकतो. ही आतली पडझड दोन-चार वर्षं चालू राहते आणि मग एकतर खोकला, धाप, पोटात पाणी अशी लक्षणं दिसतात, नाहीतर काही न दिसता कुत्रा एकदम कोसळतो. आजारी डॉबरमनांपैकी चारात एकाच्या आसपास असेच अचानक जातात.

हे वाचल्यावर मी या जातीच्या इतिहासाच्या मागे लागलो. जर्मनीत आपोल्डा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे कार्ल फ्रीडरिश लुइस डॉबरमन (1834-1894) नावाचे गृहस्थ करवसुली करायचे आणि गावातली भटकी कुत्री पकडून ठेवण्याचं कामही बघायचे. पैशांची थैली घेऊन फिरायचं म्हणजे बरोबर धाक असणारा कुत्रा हवा. म्हणून त्यांनी तापट, चपळ, धन्याला चिकटून राहणारी कुत्री निवडून त्यांची पैदास सुरू केली. गंमत म्हणजे कोणकोणत्या जाती त्यांनी मिसळल्या याची लेखी नोंद त्यांनी ठेवलीच नाही. आजही अभ्यासक त्यावर वाद घालतात. ते गेल्यावर 1899 मध्ये ओटो ग्योलर यांनी तिथेच डॉबरमनचा पहिला क्लब काढला आणि मग नोंदी सुरू झाल्या. बाप कोण, आई कोण, रंग काय, बक्षीस कोणतं. आमच्या उपाध्यायांच्या वहीसारखंच! मरणाचं कारण तिथेही नाही.

कुत्र्याच्या हृदयाकडे माणसाने कधी पाहिलंच नाही असं मात्र नाही. उलट माणसाच्या हृदयाचा ईसीजी सुरू झाला त्या गोष्टीत एक कुत्राच आहे. लंडनचे ऑगस्टस वॉलर यांनी 1887 मध्ये माणसाच्या हृदयाचा पहिला विद्युत आलेख काढला. त्यांच्याकडे जिमी नावाचा बुलडॉग होता. वॉलरसाहेब त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून, तारा जोडून त्याच्या हृदयाचे ठोके लोकांना यंत्रावर दाखवायचे. 1909 मध्ये रॉयल सोसायटीत असा खेळ झाला आणि त्यावरून थेट ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला, की कुत्र्याचा हा छळ कायद्याविरुद्ध नाही का? गृहमंत्र्यांनी शांतपणे खुलासा केला की ते साधं मिठाचं पाणी होतं आणि कुत्र्याला काही त्रास झाला नाही. जिमी त्या सगळ्यात मजेत होता म्हणतात.

पुढे 1949 मध्ये अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी चालत्या-फिरत्या माणसाच्या हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र बनवलं. ते पाठीवर घ्यायचं आणि वजन 38 किलोच्या आसपास. (म्हणजे एक अख्खा डॉबरमन पाठीवर.) आज तेच होल्टर खिशात मावतं आणि कुत्र्यालाही जाकीट घालून चोवीस तास लावता येतं. 1953 मध्ये स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी लोखंडातले दोष शोधायचं जहाजबांधणी कारखान्यातलं ध्वनिलहरींचं यंत्र उसनं आणून त्याने हृदय बघायला सुरुवात केली. तीच आजची इको. आणि 1960 च्या दशकात फिलाडेल्फियाच्या डोनाल्ड पॅटरसन यांनी हजारो कुत्र्यांच्या नोंदी तपासून दाखवून दिलं की जन्मजात हृदयदोष जातिवंत कुत्र्यांत जास्त आढळतात आणि कोणत्या जातीत कोणता दोष येणार हेही ठरल्यासारखं असतं. म्हणजे आनुवंशिकता. याला आता साठ वर्षं होत आली.

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे बैल घेताना दात मोजतात, भोवरे बघतात आणि औताला जुंपूनही बघतात. मुंबईत परळला 1874 पासून जनावरांसाठी काम करणारी संस्था आहे. तिच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटलला लोक अजूनही 'बैलघोडा' म्हणतात. नावातच सगळं आलं! उपयोगाचं जनावर आधी. कुत्रा त्या रांगेत फार मागून आला.

पण आपल्या मुलखातली कारवानी कुत्री बघा. लातूर-नांदेडकडची ही उंच, सडपातळ, लांब तोंडाची कुत्री. तिकडे मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच वळणाच्या कुत्र्यांना मुधोळ हाउंड म्हणून नाव मिळवून दिलं. 2005 मध्ये मुधोळ हाउंड पोस्टाच्या तिकिटावरही आला. ही कुत्री सशामागे पळण्यासाठी पाळली जात. (1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, हे वेगळं सांगायला नको.) पळताना ज्याचा दम तुटला तो मागे पडला, आणि मागे पडणाऱ्या कुत्र्याची पिल्लं कोणी मागत नसे. कागद नाही, चॅम्पियन नाही, पण छातीची परीक्षा रानातच व्हायची.

हे लिहिताना मला वाटलं होतं की शेवट आता सोपा आहे. जुने लोक हुशार होते, आपण कान-शेपटी बघून फसलो, झालं. पण जरा खोलात गेल्यावर हा युक्तिवाद टिकेना. ब्रूनोला त्या रानात सोडला असता तर तोही पास झाला असता! 2012 मध्ये, क्रॉसिंगच्या वेळी, तो तीन वर्षांचाही नव्हता आणि वाऱ्यासारखा पळत होता. पळवून बघण्याची परीक्षा त्या दिवसापुरती. उशिरा येणारा आजार तिच्या हाती लागत नाही.

आणि हा आजार उशिराच येतो. म्युनिकच्या गेरहार्ड वेस आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 412 डॉबरमनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना वेगवेगळ्या वयांत इको आणि होल्टर लावून तपासलं होतं. एक ते दोन वर्षांच्या कुत्र्यांत आजार सापडला 3.3 टक्क्यांत. सहा ते आठ वर्षांच्या गटात तोच आकडा 43.6 टक्के! एकंदर आयुष्यभराचा हिशेब 58 टक्क्यांपर्यंत गेला. युरोपातल्या डॉबरमनांत निम्म्याहून जास्त. आता गंमत (खरं तर गंमत नाही) अशी की क्रॉसिंग बहुतेक करून दोन ते चार वर्षांच्या वयात होतं. म्हणजे आजार दिसायला लागेपर्यंत पिल्लं वाटून झालेली असतात. आमची वाटून झालीच होती.

मग तपासणीचा उपयोग काय, असं कोणीही विचारेल. मीही आमच्या डॉक्टरांना विचारलं. उपयोग आहे, पण ती एकदा करून फ्रेम करून ठेवायची गोष्ट नाही. डॉबरमनमध्ये नुसता स्टेथोस्कोप पुरत नाही, कारण सुरुवातीला छातीत कसलाच आवाज नसतो. दोन मिनिटांच्या ईसीजीत अवेळी ठोके सापडले तर सापडले. युरोपातल्या तज्ज्ञांनी 2017 मध्ये सांगितलेली पद्धत अशी की तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी इको आणि चोवीस तासांचं होल्टर दोन्ही करावं. चोवीस तासांत 300 पेक्षा जास्त अवेळी ठोके पडले तर आजार आहे असं धरावं. 50 ते 300 च्या मधे असतील तर काही महिन्यांनी पुन्हा बघावं. जनुकांची चाचणीही निघाली आहे. पण अमेरिकेतल्या डॉबरमनांत 2012 मध्ये सापडलेल्या जनुकाचा युरोपातल्या कुत्र्यांत आजाराशी संबंध दिसला नाही. म्हणजे लाळ पाठवली, रिपोर्ट चांगला आला, म्हणून निश्चिंत झालो, असं होत नाही.

आणि कुत्र्याच्या स्वतःच्या दृष्टीनेही ती फुकट जात नाही. 2012 मध्येच आलेल्या एका अभ्यासात, लक्षणं दिसण्याआधी आजार सापडलेल्या डॉबरमनांना पिमोबेंडन नावाचं औषध दिलं. हृदय निकामी होणं किंवा अचानक मृत्यू यापर्यंतचा मधला काळ औषध न मिळालेल्यांत 441 दिवस होता, औषध मिळालेल्यांत 718 दिवस. नऊ महिने जास्त. ब्रूनोचे आणखी नऊ महिने म्हणजे आप्पांच्या आणखी पावणेतीनशे सकाळी.

पण पुढच्या पिढीसाठी खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या छोट्या कुत्र्यांच्या इतिहासात सापडते. 1926 मध्ये रॉसवेल एल्ड्रिज नावाचे अमेरिकन गृहस्थ लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात आले. जुन्या चित्रांत दिसतात तशी लांब नाकाची स्पॅनियल कुत्री कुठेच दिसेनात, म्हणून तशी कुत्री आणणाऱ्याला त्यांनी 25 पौंडांचं बक्षीस लावलं. चित्रासारखा कुत्रा हवा म्हणून जात तयार झाली! 1945 मध्ये तिला मान्यता मिळाली. थोड्याच कुत्र्यांपासून वाढलेली ही जात, आणि त्यांच्या हृदयाची डावी झडप वयाबरोबर बिघडत जाते. म्हातारपणापर्यंत बहुतेकांना हा त्रास होतोच.

1998 मध्ये तज्ज्ञांनी एक साधा नियम सुचवला. अडीच वर्षांच्या आत कुत्र्याचं क्रॉसिंग नको, आणि त्याचे आईबाप पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या छातीत आवाज आलेला नसावा. म्हणजे मुलाचं लग्न ठरवताना बापाची छाती तपासायची! मला हा नियम फार आवडला. तरुण कुत्र्याची परीक्षा आज घेता येत नाही, पण त्याच्या बापाची घेता येते.

स्वीडनमध्ये स्टेथोस्कोपवर आधारलेले नियम 2001 पासून होते, पण काही वर्षांनी पाहिलं तर फरक पडलेला नव्हता. डेन्मार्कमध्ये त्याच सुमारास आवाजाच्या जोडीला इकोही सक्तीची केली. तिथे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासून निवडलेल्या आईबापांच्या पिल्लांत आवाजाचा धोका आठ-दहा वर्षांत 73 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. आणि नॉर्वेत तर प्रकरण कोर्टात गेलं. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कॅव्हेलियरची पैदास आहे त्या पद्धतीने करणं प्राणिकल्याण कायद्यात बसत नाही.

आपल्याकडे 2017 मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. दीड वर्षाच्या आत क्रॉसिंग नको, मादीला वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा पिल्लं नकोत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, मायक्रोचिप हवी, नोंदवही हवी. चांगलेच नियम आहेत. पण हृदयाची वेगळी तपासणी त्यात नाही. शिवाय आपल्याकडची निम्मी क्रॉसिंगं आमच्यासारख्यांच्या घरची असतात. ओळखीतला नर, ओळखीतली मादी, एका पिल्लाचा सौदा आणि वर पेढे.

आता त्या श्राद्धाच्या दिवसाकडे येतो. जेवणं झाल्यावर मावशी ओसरीत बसली होती. मी सहज विचारलं, "मावशी, टायगर कशाने गेला गं?"

"अरे, उन्हाने. 2019 चा मे महिना तो. अंगणात पडला तो उठलाच नाही."

भाऊ तिथेच होता. म्हणाला, "आमची रोझी म्हातारपणाने गेली. शेवटी फार खोकायची. पोट फुगलं होतं." रोझी तेव्हा आठ वर्षांची होती.

विष, ऊन आणि म्हातारपण. तीन घरं, तीन कारणं. तिघेही एकमेकांना दर दिवाळीला भेटतो, फोन करतो, पण ही तीन वाक्यं एकापुढे एक ठेवायची वेळ कधी आली नव्हती. शवविच्छेदन कोणाचंच झालं नाही, त्यामुळे हाच आजार होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या ओसरीत एकदम सगळे गप्प झाले एवढं खरं.

गप्प होण्याचं कारण चिकू. रोझीला 2016 मध्ये पिल्लं झाली होती. त्यातल्या एका मादीची 2021 मधली मुलगी ही चिकू. म्हणजे ब्रूनोची पणती, भावाकडेच असते, आणि तिच्यासाठी नर बघणं चालू होतं. पुढच्या खेपेला करायचं असं ठरलंही होतं. दोन पिल्लांची आधीच मागणी होती. त्यातली एक आमच्याच घरातून, माझ्या मुलीची.

भाऊ जरा रागावला. "म्हणजे काय, माझ्या कुत्रीत खोट आहे म्हणतोस?" मी म्हटलं, "खोट आपल्या घरातून आली असेल तर आधी माझ्या ब्रूनोची." मावशीने मधे पडून विषय मिटवला. ती म्हणाली, "तपासा की. मुलीची पत्रिका बघता, मग छाती बघायला काय झालं?"

त्यानंतर भाऊ चिकूला घेऊन पुण्यातल्या डॉक्टरांकडे गेला. इको ठीक आली. होल्टरमध्ये चोवीस तासांत 94 अवेळी ठोके निघाले. म्हणजे अधलंमधलं. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय आणि तोवर क्रॉसिंग नको म्हणून सांगितलंय. भावाने नराच्या मालकांना फोन करून नकार कळवला. ते म्हणाले, "अहो, कुत्री एवढी ठणठणीत आहे, कशाला नाही ते काढता?" माझ्या मुलीला मी सगळं समजावून सांगितलं. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "पण चिकू मरणार नाही ना?" याला मी काय उत्तर देणार...

असो. मी एक शंभर पानी वही आणली आहे. त्यात ब्रूनोपासून सुरुवात केली आहे. नाव, जन्म, आईबाप, पिल्लं कोणाकडे गेली, कोणत्या वर्षी कोणती तपासणी झाली. आणि शेवटचा एक रकाना, कशाने गेला. ब्रूनोपुढे 'विष' लिहिलेलं मनातून खोडून मी लिहिलंय, 'सव्वासहा वर्षांचा, जिन्यावर अचानक. हृदय असावं.' टायगर आणि रोझीचंही लिहिलं. सातपैकी पाच पिल्लांचे रकाने रिकामे आहेत. 2012 मध्ये ती नाशिक, धुळे आणि ठाण्याकडे गेली होती. हे वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी कोणाला त्यांच्याबद्दल, त्यांच्या पिल्लांबद्दल काही माहिती असेल तर कृपया मला फोन करा. कशाने गेलं हे नक्की माहीत नसेल तरी चालेल, जे आठवतंय ते सांगा. आणि त्यांच्या वंशातलं कोणी आज तुमच्या दारात असेल तर क्रॉसिंगच्या आधी, आणि क्रॉसिंग करायचं नसेल तरीही, एकदा होल्टर लावून घ्या.

वहीच्या शेवटच्या चार पानांवर मी आणखी एक यादी सुरू केली आहे. पणजोबा, आजोबा, आप्पा. पुढच्या आठवड्यात मीही माझी तपासणी करून घेतोय. भावालाही चल म्हटलंय. तो म्हणाला, "आधी चिकूचं होऊ दे."